खड्ड्यातलं ऊन

गस्तीवरून परतलो तेव्हा लंगरमधून, म्हणजे स्वयंपाकाच्या तंबूतून, चहाची हाक आली होती. पण मी पाठीवरचं ओझं तिथेच बर्फावर टाकलं आणि आधी खड्ड्याकडे गेलो. खड्ड्यावर कांबळी पसरलेली होती. एक काढलं तर खाली दुसरं, त्याच्याखाली पोती, आणि पोत्यांखाली आणखी एक नवंकोरं कांबळं. ते जड होतं, अजून कुणाच्या अंगावर नीट वापरलंही न गेलेलं. त्याच्याखाली प्लास्टिकचा कागद. तो उचलला, आत वाकून पाहिलं आणि मी तिथेच बसलो.

मेथी मेली नव्हती. ती चांगली वीतभर वाढली होती. पण सुतासारखी बारीक, पिवळट पांढरी, एकमेकींच्या अंगावर लोळलेली. आठवड्यामागे मी निघालो तेव्हा हीच रोपं बोटाएवढी, हिरवीगार आणि ताठ होती.

"एक दिवससुद्धा उघडी पडू दिली नाही," मागून आवाज आला. "मधल्या वादळात माझं स्वतःचं कांबळं घातलं. हात लावून बघ, माती अजून कोमट लागते."

मागे राजाराम शेलार उभा होता. आम्ही त्याला पैलवान म्हणायचो. डोक्यावरून शाल, गाल आत गेलेले, पण चेहऱ्यावर हसू होतं. ते हसू मी कितीतरी दिवसांनी बघत होतो.

आमची चौकी लडाखमधल्या एका आडबाजूच्या खोऱ्यात होती. पलटण आपल्याकडचीच, त्यामुळे तिथे सातारा, सांगली, कोल्हापूरकडची पंधरावीस माणसं आणि बोलणं सगळं मराठीत. दिवाळीनंतर खिंड बर्फानं बंद झाली की खालचा रस्ता मिटायचा तो थेट उन्हाळ्याच्या तोंडावर उघडायचा. कोठीत पीठ, डाळ, तांदूळ, साखर थप्प्या लावून ठेवलेली असे, त्यामुळे उपाशी मरायची भीती नव्हती. ताजी भाजी हेलिकॉप्टरनं येई. पण त्या वर्षी पौष लागला आणि खिंडीत ढग जे ठासून बसले ते हलेनात. हेलिकॉप्टर येईना. मग डब्यातले मटार, सुकवलेला कांदा, बटाट्याची पूड, आणि दुसऱ्या दिवशी परत डब्यातले मटार. एवढ्या उंचीवर माणसाची भूक आधीच मेलेली असते. कुणाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, कुणाचं तोंड आलं. ताटं अर्धी भरलेली परत जायला लागली, आणि आमचा आचारी सदाशिव पाटोळे, ज्याला सगळे मामा म्हणायचे, तो ती ताटं घासताना कुणाशी बोलेनासा झाला.

खड्डा आधीच्या तुकडीनं खणून ठेवलेला होता. कमरेइतका खोल, चार माणसं ओळीनं झोपतील एवढा लांब, वर लाकडी दांडकी आणि जाड प्लास्टिकचा कागद. दिवसा कागदातून ऊन आत जातं आणि माती तापते. ऊन कललं की वरून पांघरूण घालायचं, म्हणजे ऊब सकाळपर्यंत टिकते. त्या मुलखात हिवाळ्यात भाजी अशीच पिकवतात. आमचे सुभेदार घोरपडेसाहेब, गडहिंग्लजकडचे, बोलायला कमी पण नजर तीक्ष्ण. त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं की शेतकऱ्याच्या घरचं कोण आहे. सगळ्यांचेच हात वर गेले. मग त्यांनी विचारलं, बारावीला सायन्स कुणाचं होतं. माझा एकट्याचा हात वर राहिला. "मग इंगवले, खड्डा तुझा," ते म्हणाले.

बियाणं म्हणून आलेली पालकाची पुडी जुनी निघाली, चार दाणेसुद्धा उगवले नाहीत. शेवटी मी पाटोळेमामाच्या मिसळणाच्या डब्यातून मेथ्या मागून आणल्या. मामाला वाटलं मी पोटदुखीला मागतोय. त्या भिजवून पेरल्या आणि चार दिवसांत हिरवी लव आली, तेव्हा चौकीवरचं प्रत्येक माणूस येऊन खड्ड्यात डोकावून गेलं. मी माणदेशातला. आमच्याकडे ऊन एवढं की विकलं तरी संपायचं नाही, आणि पाणी टँकरचं. इथे पाणी पायाखाली गोठून पडलेलं आणि उनाचा दुष्काळ. दुपारी डोंगराच्या धारेवरून सूर्य वर यायचा, तासदोन तास रेंगाळायचा आणि पलीकडच्या धारेआड जायचा.

पैलवानाचं दुखणं त्याच सुमारास सुरू झालं. तो वारणेच्या खोऱ्यातला, गावच्या तालमीत वाढलेला. पलटणीत त्याच्या जेवणाच्या गोष्टी सांगत. तोच जेवेना. आधी उंचीमुळे असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग वायरलेसवरून निरोप आला की त्याच्या घरी मुलगी झाली. त्यानं सगळ्यांना साखर वाटली, आणि त्यानंतर जो बंकरमध्ये शिरला तो शिरलाच. त्याची रजा मंजूर होती, पण खिंड मिटली होती. खालच्या डॉक्टरांनी वायरलेसवरून सांगितलं की त्याला उबेत ठेवा, विश्रांती द्या, काहीतरी पोटात जाऊ दे, हवा सुधारली की पहिल्या हेलिकॉप्टरनं खाली पाठवा. म्हणून त्याला आतल्या कोपऱ्यात, रॉकेलच्या शेगडीजवळ जागा दिली होती. वारा येऊ नये म्हणून तिथली खिडकी पोत्यांनी बुजवली होती. पाटोळेमामा ताट घेऊन त्याच्यापुढे बसायचा, गावच्या जत्रेतल्या कुस्त्या काढायचा, बोलता बोलता घास पुढे करायचा. पैलवान मान फिरवायचा नाही, रागवायचा नाही. फक्त "ठेवा मामा, खातो" म्हणायचा आणि ताट तसंच राहायचं.

मी गस्तीवर निघालो तेव्हा तो आपणहून म्हणाला होता, तुझ्या रोपांकडं मी बघतो. मला बरंच वाटलं होतं.

आणि आता तो माझ्यामागे उभा होता, हसत.

"उंच झालीत ना?" त्यानं विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू हळूहळू उतरलं. "का, ऊब कमी पडली?"

"ऊब भरपूर झाली, पैलवान."

"मग?"

"उपाशी आहेत ती."

त्याला ते पटेना. उन्हाळ्यात आलेल्या खेचरांची सुकी लीद त्यानं स्वतः कुस्करून घातली होती. बर्फ वितळवून, कोमट करून पाणी दिलं होतं. उपाशी कशी राहतील, असं तो पुन्हा पुन्हा विचारायला लागला. तेव्हा मी त्याला जमेल तसं सांगितलं. मातीतून झाडाला जेवण मिळत नाही, मिळतो तो मीठमसाला. मुळं पाणी भरतात, पानं हवेतला एक वायू आत घेतात. शिधा एवढाच. त्याचा स्वयंपाक होतो पानात, आणि त्या चुलीला जळण एकच चालतं, ऊन. ऊन नसलं तर पाणी आहे, लीद आहे, ऊब आहे, पण चूल थंड. मग रोप बियाण्यात बांधून आणलेली शिदोरी खातं आणि उजेड शोधत उंच होत जातं. शिदोरी संपली की आडवं पडतं.

तो त्या पिवळ्या काड्यांवर वाकला.

"म्हणजे मी मारली," तो म्हणाला.

मी म्हटलं की मारली नाही, जपायला गेलास. यातली काही अजून उठतील. पण तोवर तो वळला होता. त्या दिवशी त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

मी सुभेदारसाहेबांना गाठलं. ते खड्ड्यापाशी आले, उकिडवे बसले, एक काडी दोन बोटांत धरून पाहिली. वाचतील का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही वाचतील, उरलेल्या जागी पुन्हा पेरू. त्यांनी ते नवं कांबळं उचलून बघितलं आणि कुणाचं म्हणून विचारलं. पैलवानाचं स्वतःचं, मी सांगितलं. साहेबांनी कांबळ्याची नीट घडी घातली, काखेत धरली आणि बंकरकडे बघत उभे राहिले. पोत्यांनी बुजवलेली खिडकी तिथून दिसत होती.

"आणि आपण पैलवानाला कुठं ठेवलाय, इंगवले?" ते हळूच म्हणाले.

डॉक्टरांचा सल्ला मोडून माणसाला उनासाठी बर्फात बसवायचं आणि उद्या त्याला काही झालं तर जाब साहेबांनाच द्यावा लागणार होता. त्यांनी तो दिवस विचारात घालवला. संध्याकाळी वायरलेसवर डॉक्टरांशी बरंच बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः पैलवानाच्या उशाशी गेले आणि हुकूम सोडला की धारेवर सूर्य आला की खड्ड्यापाशी बसायचं, तो मावळला की आत यायचं. काम एवढंच की कागदावर बर्फ आणि दव साठू द्यायचं नाही. पैलवान म्हणाला, "साहेब, माझ्या हातानं एकदा वाटोळं झालंय." साहेब म्हणाले, "म्हणून तर तुलाच सांगतोय."

तो आला. डोळ्यांना काळा चष्मा, अंगात होतं नव्हतं ते सगळं, आणि वर ते नवं कांबळं. एका खोक्यावर बसायचा आणि मोरचेलानं देवावरची धूळ झटकावी तसा हळुवारपणे कागदावरचा बर्फ झटकायचा. मी उरलेल्या मेथ्या मधल्या जागेत पेरल्या. जुन्या काड्यांतल्या बऱ्याच गेल्या, पण काहींच्या शेंड्याला पोपटी रंग चढायला लागला. पैलवान ऊन असेतोवर वाकून तेच बघत बसायचा. पण जेवणाचं मात्र होतं तेच. पाटोळेमामा आता ताट घेऊन खड्ड्यापाशी यायला लागला होता आणि तिथून भरलेलं परत न्यायला लागला होता.

आमची आणखी एक अडचण होती. सूर्य दक्षिणेला, तोही धारेला चिकटून खाली. त्यामुळे खड्ड्याच्या अलीकडच्या, सूर्याच्या बाजूच्या भिंतीची सावलीच रोपांवर पडायची आणि ऊन जायचं समोरच्या रिकाम्या भिंतीवर. भिंत तापायची, रोपं सावलीत. मी अलीकडची भिंत थोडी उतरती केली, पण जमीन लोखंडासारखी गोठलेली. पहार आपटून हाताला फोड आले.

एक दिवस मी पहार टेकून दम खात उभा होतो. पैलवान खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर, सूर्याकडे तोंड करून बसला होता. मांडीवर स्टीलचं ताट, त्यात दोन पोळ्या आणि डाळ, नेहमीसारखी न शिवलेली. त्यानं पाय हलवला तसं ताट कललं, आणि ताटाच्या काठावरून एक उजेडाची फीत कागदातून खाली रोपांवर पडली. त्यानं ताट परत सरळ केलं. फीत गेली. पुन्हा कललं, फीत आली. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"हे चालतं का त्यांना?" त्यानं विचारलं. "असं उसनं ऊन?"

"पळतं त्यांना," मी म्हटलं. "ऊन ते ऊनच."

त्यानं ताटाकडे पाहिलं. अख्खं ताट रिकामं असतं तर केवढा उजेड पडला असता, हे त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं. मामा समोरच उभा होता, त्यामुळे अन्न टाकून द्यायची सोय नव्हती. पैलवानानं एक पोळी उचलली, डाळीत बुडवली आणि औषध घ्यावं तशी खाल्ली. मग दुसरी. डाळ तोंडाला लावून प्यायला, ताट बर्फानं घासलं, शालीनं पुसलं, आणि दोन्ही हातांत धरून सूर्याकडे तोंड केलं. खड्ड्यात पौर्णिमेच्या चंद्राएवढा उजेडाचा गोळा पडला. तो त्यानं हळूहळू या रोपावरून त्या रोपावर नेला.

मी मामाकडे पाहिलं. मामानं मला डोळ्यांनीच गप्प राहायची खूण केली आणि पाठ फिरवून लंगरकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मामानं तुपाचे रिकामे डबे कापून, ठोकून सपाट केले आणि फळ्यांवर मारून आणले. आरशासारखे लखलखीत. पैलवानानं ते खड्ड्याच्या काठावर उभे केले आणि सूर्य सरकेल तसे तो ते सरकवायला लागला. आता त्याला ताट रिकामं लागत नव्हतं. पण मामा हुशार माणूस. तो ताट घेऊन आला आणि म्हणाला, शेवटच्या टोकाला अजून अंधारच आहे, तिथं ताट कामाला येईल. पैलवानाला ती लबाडी कळली असणार. तरी तो जेवला.

माघात मेथी भरली. हिरवी, रुंद पानांची, दाट. कागद उचलला की जो वास यायचा त्यानं पहाऱ्यावरची माणसं माना वळवायची. प्रत्येकाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि पैलवान कुणाला हात लावू देईना. मामा विळा घेऊन आला की हा म्हणायचा, अजून थोडं थांबा, अजून पानं जेवतायत. साहेबांनी एकदा त्याला विचारलं की ही भाजी आम्ही खायची का हिची पूजा करायची. पैलवानही हसला. त्याच्या गालांवर रंग आला होता. बंकरच्या खिडकीतली पोती त्यानं स्वतःच काढून टाकली होती.

मग एका दुपारी वायरलेस खडखडला. खिंडीतले ढग हटले होते. उद्या हेलिकॉप्टर येणार, पैलवानाला तयार ठेवा. खालच्या इस्पितळात थोडे दिवस आणि तिथून रजेवर घरी. निरोप ऐकून सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. पैलवानानं सामान बांधलं आणि मला शिकवत बसला, कुठला पत्रा कधी सरकवायचा, कुठल्या कोपऱ्यात दव जास्त साठतं. मी सगळं माहीत असून ऐकून घेतलं. पोरीचं नाव काय ठेवणार, मी विचारलं. तो म्हणाला, बघितल्याशिवाय कसं ठेवायचं.

सकाळी लंगरमध्ये स्टोव्ह भडकला. मामा पंप मारत असताना जाळाचा लोट उसळला. तंबूला आग लागू नये म्हणून त्यानं पेटता स्टोव्ह दोन्ही हातांनी उचलून बाहेर बर्फात फेकला. आम्ही धावत पोचलो तेव्हा तो दारात शांत उभा होता आणि त्याच्या हातांकडे बघवत नव्हतं. औषधांचं बघणाऱ्या जवानानं मलम लावून कोपरापर्यंत पट्ट्या बांधल्या आणि साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की हे इथे भागण्यासारखं नाही, आजच खाली जायला हवं.

साहेबांनी वायरलेस लावला. उत्तर आलं की हेलिकॉप्टर लहान आहे, वरच्या चौकीवरचा एक जखमी आधीच त्यात असेल. जागा एकच. पुढची फेरी हवेवर. कुणाला पाठवायचं ते तुम्ही ठरवा.

साहेब बाहेर आले आणि हात मागे बांधून उभे राहिले. एका बाजूला पैलवानाचं बांधलेलं सामान होतं. पैलवान जेवायला लागला होता हे खरं, पण वजन अजून अर्धंच होतं, आणि डॉक्टरांच्या लेखी तो आजारीच होता. त्याचं नाव आधी लागलेलं. मामा म्हणाला, माझं काय, हात तर आहेत, पोरीच्या बापाला जाऊ द्या. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

पैलवान तिथे नव्हता. मी खड्ड्याकडे पाहिलं तर कागद बाजूला केलेला, आणि तो आत गुडघ्यावर बसून विळ्यानं मेथी कापत होता. चांगली ओंजळ भरून घेऊन तो लंगरमध्ये गेला. मामानं पहाटे मळून ठेवलेली कणीक तशीच होती. त्यानं दुसऱ्या स्टोव्हवर मेथी परतली. लसूण नव्हता, सुका कांदा आणि लाल तिखट. दोन जाड, वेड्यावाकड्या पोळ्या थापल्या. आणि ताट घेऊन मामाच्या पुढे येऊन बसला.

"मामा, तोंड उघडा," तो म्हणाला.

मामाचे हात पट्ट्यांत होते. त्यानं एकदा आमच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. पैलवानानं घास भरवला. मग एक घास स्वतः घेतला. पुन्हा एक मामाला. आम्ही सगळे उभे होतो आणि कुणीही मागितलं नाही, वास मात्र सगळ्यांच्या नाकात होता. अर्धी पोळी झाल्यावर मामा म्हणाला, "मीठ कमी पडलंय."

"तुम्ही नीट होऊन या आणि घाला," पैलवान म्हणाला. मग बसल्या बसल्याच साहेबांकडे वळला. "साहेब, वायरलेसवर नाव बदला. मी काही आता आजारी नाही."

साहेब त्याच्याजवळ आले. "पैलवान, पोरगी वाट बघतेय तिकडं. पुढची फेरी कधी, कुणाला ठाऊक."

"बघू दे की. ती कुठं जातेय?" तो म्हणाला आणि पुढचा घास मोडायला लागला.

हेलिकॉप्टर आलं, बर्फाचा धुरळा उडवून मामाला घेऊन गेलं. ते पलीकडच्या धारेवरून दिसेनासं होईपर्यंत पैलवान उभा राहिला. मग बाह्या सारून लंगरमध्ये शिरला. त्या दिवशी चौकीवरच्या प्रत्येकाच्या ताटात मेथी पडली. घास दोन घासच, पण लोक ती चमच्यानं न खाता बोटानं खात होते, शेवटी बोटं चाटत होते. एकानं सांगितलं की त्याच्या घरी हिच्यात मूगडाळ घालतात. मग प्रत्येकजण आपापल्या घरचं सांगायला लागला आणि ते बराच वेळ चाललं.

हवा पुन्हा बिघडली ती खिंडीतला रस्ता उघडेपर्यंत तशीच राहिली. तोवर पैलवानच आमचा आचारी होता. त्याच्या पोळ्या कधी गोल झाल्या नाहीत, पण ताटं रिकामी परत जायला लागली. मेथीची कापणी झाली की मी पुन्हा पेरायचो, आणि तो दुपारचं सगळं काम माझ्यावर टाकून पत्रे सरकवायला यायचा. मामाचे हात बरे झाले. एका हाताची दोन बोटं जरा वाकडी राहिली, पण कणीक मळण्यापुरता तो हात परत आला.

उन्हाळ्याच्या तोंडाला रस्ता मोकळा झाला तेव्हा पहिल्या गाडीनं पैलवान रजेवर गेला. परत आला तो चांगला भरून, तांबूस होऊन. पोरगी आधी दोन दिवस त्याच्या मिशा बघून रडली म्हणे, आणि नंतर त्याच्याच मांडीवर झोपायला लागली. नाव उज्ज्वला ठेवलं होतं. आम्ही दोघं तेव्हा खालच्या छावणीत होतो. जर्दाळूच्या झाडाखाली बसून मी त्याला इतके दिवस मनात असलेलं विचारलं. त्या दिवशी तू हेलिकॉप्टरमध्ये बसला असतास तर कुणी तुला नावं ठेवली नसती. पोरगी अगदी तान्ही होती तेव्हाच दिसली असती. कधी वाटतं का, जायला हवं होतं?

त्यानं वर झाडाकडे बघितलं, पानांतून येणाऱ्या उनानं त्याचे डोळे बारीक झाले.

"गेलो असतो तर इस्पितळातून उठलेला एक रोगी घरी पोचला असता," तो म्हणाला. "तिला तिचा बाप बघायचा होता ना."

आणि मग त्यानं मला विचारलं की लंगरमध्ये आज काय केलंय, आणि उत्तराची वाट न बघता उठून तिकडे चालायला लागला.